नानांची गाडी आणि चोवीस मिलिमीटर

३ तारीख, सोमवार

मापांच्या वहीची मागची पानं कोरीच होती. तेव्हा पुढून गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरा आणि मागून माझ्या डोक्याचा ताप, अशी वाटणी केली आहे. ताप आजच सुरू झाला.

हॉस्पिटलचं काम मिळालं! नर्सेसचे ऐंशी युनिफॉर्म, शर्ट आणि पँट. मेट्रनबाई म्हणाल्या, एक तारखेपासून सुरू करा. दोन नवी मशिनं त्याच दिवशी येणार, शिवायला दोघीजणी ठरल्या. मशिनं ठेवायची कुठे, तर पुढच्या खोलीत. आणि पुढच्या खोलीत गेली अकरा वर्षं कोण राहतं, तर नानांची मोटरसायकल.

नाना म्हणजे माझे सासरे. छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवले आणि तीसही वर्षं ह्याच गाडीवरून कामाला गेले. डोळे अधू झाले तेव्हा गाडी आत आणली, वर पांघरूण घातलं. आमच्या ह्यांच्या अंगावरसुद्धा लहानपणी कोणी इतक्यांदा पांघरूण सारखं केलं नसेल.

जेवताना विषय काढला. "नाना, गाडी विकू या का?"

"विक की," नाना म्हणाले. "पण मेलेली विकायची नाही. चार माणसांनी उचलून टेम्पोत टाकलेली मला बघवणार नाही. स्वतःच्या ताकदीने उंबऱ्याबाहेर पडू दे, मग कुठेही जाऊ दे."

"मग तोपर्यंत गल्लीत उभी करू."

"बंद गाडी गल्लीत? आठ दिवसांत भंगारवाला नेईल."

हे ताटात बघत राहिले. वडील आणि बायको बोलू लागले की ह्यांना ताटात फार काही दिसतं.

५ तारीख, बुधवार

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येऊन गेला. टाकी धुतली, प्लग घासला, ताजं पेट्रोल घातलं. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडल्याबरोबर कार्बोरेटरखालून टप टप टप सुरू. माझ्या फरशीवर! त्याने कॉक बंद केला आणि हात पुसले.

"वहिनी, असल्या जुन्या कार्बोरेटरच्या नादी मी लागत नाही. नानांना विचारा."

म्हणजे शेवटी नानांनाच विचारायचं. नानांना धड दिसत नाही, आणि मला कार्बोरेटर म्हणजे काय ते ठाऊक नाही. मोठीच जोडी जमली!

६ तारीख, गुरुवार

गिऱ्हाईक मिळालं. ह्यांच्या ऑफिसच्या वकीलसाहेबांना जुन्या गाड्या जमवायचा नाद आहे. संध्याकाळी आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाकीवर हात फिरवला. नानांनी तिकडे पाठ केली.

"मला चालती गाडी हवी," वकीलसाहेब म्हणाले. "पाण्याच्या टाकीचा चढ न थांबता चढून दाखवा. तीस तारखेला येतो आणि घेऊन जातो."

ठरलं. तीसला गाडी बाहेर, एकला मशिनं आत. नाही जमलं तर मशिनं माझ्या डोक्यावर.

९ तारीख, रविवार

आज नाना आणि मी कार्बोरेटर उघडला. खिडक्या सताड उघड्या, स्वयंपाकघरातला गॅस बंद, हे घराबाहेर. बाहेर जायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं होतं आत काहीतरी भयंकर असेल. तसं काही नाही. खाली एक पितळेची वाटी, तिच्यात पेट्रोल साठतं. वाटीत एक पोकळ फ्लोट तरंगतो, गच्चीवरच्या टाकीत चेंडू तरंगतो तसा. पेट्रोल वर चढलं की फ्लोट वर येतो आणि नीडल नावाची छोटी टोकदार सळी दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. आमच्या नीडलचं टोक झिजलं होतं. नानांच्या डबीत नवीकोरी नीडल होती, कागदात गुंडाळलेली. अकरा वर्षं गाडी बंद आणि डबीत सुटे भाग तयार. काय म्हणावं!

मग नाना म्हणाले, आता उंची बघ. कार्बोरेटर तिरका धरायचा, फ्लोटची जिभली नीडलला नुसती टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. तेव्हा वरच्या कडेपासून फ्लोटच्या टोकापर्यंत बरोबर चोवीस मिलिमीटर. अंतर जास्त झालं तर पेट्रोल लवकर बंद होतं, वाटीत कमी साठतं आणि इंजिन उपाशी राहतं. कमी झालं तर वाटी भरून वाहते. हे सगळं त्यांनी तीनदा सांगितलं आणि माझ्याकडून एकदा म्हणवून घेतलं.

टेप आत जाईना. मग मी कॉलरचा साचा कापते तसा पुठ्ठ्याचा साचा कापला. पेन्सिलीची रेघ, कात्री, एका दमात. पंचवीस वर्षांचा हात आहे, पुन्हा मोजायची गरज नाही. साचा लावून पाहिला तर फ्लोट त्याला पोचेना, जरा खालीच राहत होता. इतक्या वर्षांत माप हललं असणार. मी पक्कडीने जिभली किंचित वाकवली, साचा चपखल बसला.

नानांनी तो पुठ्ठा हातात घेतला, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून फिरवला.

"हं," म्हणाले.

"बरोबर ना?"

"तू कापलास ना? मग झालं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामावर शंका घेतली नाही. मला बरं वाटलं.

१२ तारीख, बुधवार

ठिबकत नाही! दोन दिवस खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, आज उचललं तर कोरडं ठणठणीत. आणि संध्याकाळी नवव्या किकला गाडी सुरू झाली. खोलीभर धूर, शेजारीण धावत आली, हे आतून ओरडले, "काय जळलं?" आणि नाना भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते. मोजत असावेत काहीतरी.

मेट्रनबाईंना नमुन्याचा शर्ट आवडला. म्हणाल्या, कॉलर इतकी सुरेख कशी बसते हो तुमची? मी गुपित सांगितलं नाही, पण इथे लिहायला हरकत नाही. वरची कॉलर खालच्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठी कापायची, तरच ती नीट वळते. मी आता रेघेवर कापतच नाही, हात आपोआप रेघेच्या बाहेरून जातो.

१६ तारीख, रविवार

आज चढावर जायचं होतं. चालवणार हे. हेल्मेट घालून बसले आणि विचारलं, "गिअर कुठे आहेत?" ह्यांनी जन्मभर बिनगिअरची स्कूटर चालवली. पहिल्या झटक्याला गाडी बंद, दुसऱ्याला बंद, तिसऱ्याला हे उतरले आणि म्हणाले, माझी कंबर.

मग मी हेल्मेट घातलं. एक गोष्ट सासरी कधी कोणाला सांगितली नव्हती. माहेरी दादाची मोटरसायकल मीच जास्त चालवायचे. किक मारली, क्लच सोडला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आले. हे तोंड उघडं टाकून उभे.

"कधीपासून येते?" नानांनी विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून."

"आणि आम्हाला आज कळतंय," नाना म्हणाले, पण आवाजात राग नव्हता.

चढावर मात्र फजिती झाली. अर्ध्यात टपालपेटी आहे, तिथवर गाडी झकास गेली आणि मग खोकली, थरथरली, बंद. मिनिटभर थांबून किक मारली तर सुरू. पुन्हा थोडं पुढे जाऊन बंद. शेवटी उतारावर सोडून घरी आणली. येताना वारा छान लागत होता. पण ते असो, मुद्दा चढाचा आहे.

१९ तारीख, बुधवार

जेट, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक तोट्या, उघडून फुंकले, फिल्टर धुतला, कार्बोरेटर पुन्हा काढला. साचा लावला, चपखल. नानांनीही हात लावून पाहिलं आणि "बसतोय" म्हणाले. चढावर गेले, टपालपेटीपाशी बंद.

उरलेल्या कापडातून स्वतःला एक पँट शिवली. मांडीवर खिसा ठेवला आहे, त्यात दहा नंबरचा पान्हा मावतो. गिऱ्हाइकांची दोन कामं मागे पडली, पण गाडी एकदाची गेली पाहिजे ना! सगळा आटापिटा त्यासाठीच चालला आहे. सकाळी जाग आली की आधी कार्बोरेटरच आठवतो, हे खोटं कशाला लिहू.

नाना खुशीत असतात. काम करताना छापखान्याच्या गोष्टी सांगतात. एकदा लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या जागी सासऱ्याचं नाव जुळलं गेलं, तेव्हा दोनशे पत्रिका ह्याच गाडीवरून घरोघर फिरून परत गोळा केल्या. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं एका घरात राहून ही गोष्ट मला माहीत नव्हती.

२२ तारीख, शनिवार

आज सकाळी पाणी भरायला उठले तर पुढच्या खोलीत नाना. गाडीला टेकून बसलेले, एक हात टाकीखाली. नीट पाहिलं. हात पेट्रोलच्या कॉकवर होता.

"काय करताय, नाना?"

दचकले. "काही नाही. बंद आहे ना ते बघत होतो."

मी पाणी भरायला गेले. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. माझं माप बरोबर, नीडल नवी, जेट स्वच्छ. मग गाडी रोज एकाच जागी का मरते? आणि गाडी चढली नाही तर कोणाला हवं आहे?

२४ तारीख, सोमवार

आज मी बोलू नये ते बोलले. चौथ्यांदा टपालपेटीवरून हात हलवत परत आले होते, अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. नानांनी विचारलं, "कुठवर गेली?" आणि माझा तोल सुटला.

"तुम्हाला ठाऊकच असेल! तुम्हीच काहीतरी करून ठेवता, गाडी चढू नये म्हणून. सरळ सांगा ना, विकायची नाही. मला खेळवता कशाला?"

नाना उठले. भिंत चाचपत आपल्या खोलीत गेले. हे मला म्हणाले, "अगं..." आणि त्यांच्यामागून आत गेले.

मी खरं तेच बोलले असं मला वाटतं. तरी जेवण तसंच झाकून ठेवलं.

२५ तारीख, मंगळवार

नाना बोलत नाहीत. चहा खोलीतच मागवला. मी नेऊन ठेवला, "ठेव" एवढंच म्हणाले. दिवसभर घरात मशीनचा आवाज तेवढा. आज एकाही शर्टाचं काज धड झालं नाही, दोन उसवली.

२७ तारीख, गुरुवार

सगळं नीट लिहायचं आहे, माझी फजिती असली तरी.

वाटीत पेट्रोल खरंच किती उभं राहतं, ते बाहेरून पाहता येतं असं नाना मागे म्हणाले होते. पारदर्शक नळी हवी. मेट्रनबाईंकडून सलाईनची एक नवी नळी मागून आणली. वाटीच्या खालच्या तोटीला जोडली, वाकवून वाटीच्या कडेला उभी धरली, तळाचा स्क्रू सैल केला. पेट्रोल नळीत चढलं आणि थांबलं. वाटीच्या काठाखाली तीन मिलिमीटरवर थांबायला हवं होतं. थांबलं पाचावर.

वाटीत पेट्रोल कमी. म्हणजे इंजिन उपाशी. सपाटीवर भागतं, चढावर जास्त लागतं तेव्हा वाटी रिकामी होते आणि मिनिटभर थांबलं की पुन्हा भरते. म्हणून टपालपेटी! पण माझं माप तर चोवीस होतं.

साचा घेतला आणि पहिल्यांदाच लोखंडी पट्टीवर ठेवला.

सव्वीस.

पुन्हा ठेवला. सव्वीसच. पेन्सिलीची रेघ बरोबर चोवीसवर, आणि कात्री नेहमीसारखी रेघेच्या बाहेरून गेलेली. मी कार्बोरेटरला कॉलर लावली होती! जिभली वाकवून चांगलं असलेलं माप मीच बिघडवलं, चार वेळा तोच साचा लावून चार वेळा स्वतःलाच शाबासकी दिली, आणि आळ घेतला त्या म्हाताऱ्या माणसावर.

फार लाज वाटली. साचा हातात घेऊन तशीच नानांच्या खोलीत गेले.

"नाना, चूक माझी होती. मी तुम्हाला वाटेल ते बोलले. मला माफ करा."

नाना खिडकीशी बसले होते. त्यांनी हात पुढे केला. मी साचा दिला.

"सव्वीस," नाना म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षं खिळे जुळवले, बाई. बोटांना कळतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

 "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी गाडी चढली असती. वकील घेऊन गेला असता." साचा माझ्या हातात परत दिला. "आणि मग तू कशाला येऊन बसली असतीस माझ्याजवळ? तुझं मशीन आणि तू."

 मग लक्षात आलं, म्हणजे माझा आळ निम्मा खराच होता की!

"नाना, निम्मी माफी मी परत घेते."

"घे," नाना म्हणाले आणि हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, हे पाणी घेऊन धावत आले. कोणालाच काही सांगता येईना, तेव्हा हेही हसत सुटले.

२९ तारीख, शनिवार

नवा साचा कापला. रेघेच्या आतून कापला आणि घासून घासून पट्टीवर चोवीस केला. नानांनी बोटांत फिरवला, "हं" म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या ह्या "हं"वर आता माझा विश्वास नाही, आकडा सांगा. "चोवीस," म्हणाले. जिभली परत वाकवली, नळी लावली. पेट्रोल काठाखाली बरोबर तीनवर येऊन उभं राहिलं.

नाना म्हणाले, मी मागे बसतो. मी नको नको म्हणत होते, पण हेल्मेट त्यांनी आधीच घातलं होतं. टपालपेटी आली तेव्हा मी श्वास रोखला. नानांनी माझा खांदा धरला. पेटी गेली, वळण गेलं, गाडी एका सुरात चढत राहिली आणि पाण्याची टाकी आली. मी आनंदाने ओरडले. टाकीवरचा माणूस घाबरून बाहेर आला.

वर थोडा वेळ उभे राहिलो. नानांना खालचं गाव दिसत नाही, तर मी सांगत होते काय काय दिसतं ते. मग म्हणाले, "चल. उद्या लवकर उठायचं आहे, वकील येणार."

 रात्री गाडी खोलीत नेली नाही. चालती गाडी आहे, राहील इतरांसारखी गल्लीत.

३० तारीख, रविवार

नानांनी सकाळीच दाढी केली, गाडी पुसली, कागदपत्रं पाकिटात घातली. मी पुढची खोली झाडत होते. आमच्या ह्यांनी भिंतीवरचे खिळे काढले, मशिनच्या जागी खडूने चौकोन आखले.

वकीलसाहेब दहाला आले. चढ चढून दाखवला. खूश झाले. नानांनी खिशातून किल्ली काढली आणि हात पुढे केला. अंगठा मात्र किल्लीवरून निघेना.

"थांबा," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खोलीकडे पाहिलं, खडूच्या दोन चौकोनांकडे पाहिलं. मला गाडी नको होती असं कधी नव्हतंच. मला खोली हवी होती. आणि खोली कालपासून रिकामी होती! महिनाभर वहीत पानंच्या पानं लिहिली आणि एवढी गोष्ट दिसली नाही, म्हणजे कमाल आहे माझी.

"साहेब, गाडी विकायची नाही."

"अहो ताई, मग मला बोलावलंत कशाला?"

"चहाला," हे म्हणाले.

 आमच्या ह्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत इतकं नेमकं काही निघालं नव्हतं. वकीलसाहेब आधी रागावले, मग त्यांनाही हसू आलं. दोन कप चहा घेतला. जाताना मला हळूच विचारलं, "माझ्याकडच्या एका गाडीचं पेट्रोल वाहतं. बघाल का?"

मी म्हटलं, ऐंशी युनिफॉर्म झाल्यावर.

नाना किल्ली मुठीत धरून बसले होते. बराच वेळ तसेच होते.

१ तारीख, सोमवार

मशिनं आली. खडूच्या चौकोनात बरोबर बसली. दोघीजणी वेळेवर आल्या. दुपारपर्यंत बारा शर्टांचे भाग कापून झाले. नाना खुर्ची टाकून खोलीच्या दारात बसतात, एक कान मशिनकडे आणि एक गल्लीकडे.

८ तारीख, सोमवार

पहिले वीस युनिफॉर्म पोचवायचे होते. हे म्हणाले, मी स्कूटरवरून नेतो. मी म्हटलं, काही गरज नाही. नाना म्हणाले, गठ्ठा कोण धरणार? आणि हेल्मेट शोधायला लागले.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी गाडी उभी केली. नाना गठ्ठा पोटाशी धरून सावकाश उतरले. वॉचमन धावत आला.

"आजोबा, इथे गाडी लावायची नाही. कोणाची आहे ही?"

नानांनी मान वळवली, मी कुठे आहे त्याचा कानोसा घेतल्यासारखं. मग माझ्याकडे हात केला.

"हिची," म्हणाले.

मी किल्ली काढत होते, तशीच थांबले. वॉचमन पुन्हा म्हणाला, "मग ताई, गाडी तिकडे झाडाखाली घ्या," आणि मी घेतली. मेट्रनबाईंनी विचारलं, डोळे का लाल झालेत? धूळ गेली म्हटलं. धूळ कसली, रडले होते मी, आणि फार आनंद झाला होता. वीसही शर्टांच्या कॉलरी त्यांना पसंत पडल्या.